पडद्याआड काय ठेवायचे, हे कोण ठरवते?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुंबईच्या सुशोभीकरणावरून आपल्या पत्रसदरात सध्या जी चर्चा चालली आहे, ती मी रोज सकाळी चहाबरोबर वाचते आणि बहुतेक वेळा चहा गार होतो. एका बाजूचे वाचक म्हणतात की उड्डाणपुलांचे खांब रंगवले, झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या आणि पदपथावरचे फेरीवाले हलवले की शहर सुंदर होईल. एवढे साधे काम महापालिकेला का जमू नये? दुसऱ्या बाजूचे म्हणतात की सौंदर्य ही कलावंतांची बाब आहे, राज्यकर्त्यांनी तिच्यात नाक खुपसू नये. परळच्या एका शाळेत एकतीस वर्षे चित्रकला शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका या नात्याने मला दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे. सौंदर्य आणि सत्ता यांचे बिऱ्हाड या शहरात पहिल्यापासून एकाच छपराखाली आहे. त्या घरात कोणाचे चालते आणि नेमके कोणत्या बाबतीत चालते, एवढेच काय ते पाहायचे राहते.

पावसाळा आणि एलिमेंटरीची परीक्षा दोन्ही आटोपली, की मी आठवीच्या मुलांना घेऊन बोरीबंदरला जात असे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांचा धाक तेव्हा संपलेला असे. महापालिकेच्या बाजूच्या पदपथावर जुनी वर्तमानपत्रे अंथरून मुले बसत आणि मी त्यांना समोरच्या इमारतीची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, गोष्ट सांगे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे खपून ती बांधली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हा तिचा वास्तुरचनाकार, आणि ती नुसती गाड्या सुटण्यासाठी बांधलेली नव्हती. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे तो ब्रिटन, दुसऱ्यावर वाघ आहे तो हिंदुस्थान. घुमटाच्या टोकावर उभी आहे ती ‘प्रगती’. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणी व्हिक्टोरिया होती, ती स्वातंत्र्यानंतर उतरवली गेली आणि कोनाडा तसाच रिकामा राहिला. मुले माना डोलावत, आणि मग सिंह सोडून, वाघ सोडून, दगडी पानांमध्ये दडलेली माकडे शोधायला लागत. एकाही वर्षी एकाही मुलाने आपणहून सिंह काढलेला मला आठवत नाही.

या इमारतीवरच्या कोरीव कामाचा मोठा भाग मुंबईच्या कलाशाळेत, म्हणजे आजच्या जे. जे. मध्ये, शिकणाऱ्या देशी विद्यार्थ्यांच्या हातचा आहे. कंपनीच्या संचालकांचे चेहरे दर्शनी भिंतीवर गोल चौकटीत बसले, त्यांत आपले नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. माकड कोरणाऱ्याचे नाव मात्र दगडावर नाही. ती कलाशाळा १८५७ साली सुरू झाली ती जमशेटजींनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून, आणि जमशेटजींची संपत्ती चीनशी चाललेल्या व्यापारातली, ज्यात अफू होती. म्हणजे अफूच्या पैशाच्या आधाराने रेखाटन शिकवणारी शाळा निघाली, त्या शाळेतल्या मुलांनी साम्राज्याच्या स्थानकावर पानेफुले आणि प्राणी कोरले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी परळच्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. सगळे काही निर्मळ पैशातूनच व्हायचे असते, तर मुंबईत बघण्यासारखे फारसे उरले नसते, हे मी मुलांना सांगत नसे, पण शिक्षकखोलीत अनेकदा बोलून दाखवत असे.

तिथून चालत आम्ही राजाबाई टॉवरपर्यंत जायचो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापूसबाजारात पैशाचा पूर आला. त्या पुरात वर आलेल्या प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव मिळाले. तो १८७८ साली पुरा झाला. त्याच्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातींचे पुतळे उभे आहेत, आणि पगडी कोणती, पागोटे कोणते, हे ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडे. मला मात्र ते पुतळे पाहताना नेहमी थोडे अवघडल्यासारखे होई. सत्ता जेव्हा माणसांकडे कौतुकाने पाहते, तेव्हाही ती त्यांना कशी एकेका कोनाड्यात नीट मांडून ठेवते, हे तिथे स्वच्छ दिसते.

असे असले तरी सत्तेने विकत घेतलेले सौंदर्य सत्तेच्या मुठीत फार काळ राहत नाही, हेही या शहराने पाहिले आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा १८७२ साली मुंबईत बसवला गेला. मॅथ्यू नोबल याने घडवलेल्या या पुतळ्याला १८९६ साली पुण्याच्या दामोदर चापेकरांनी डांबर फासले आणि त्याच्या गळ्यात जोड्यांची माळ घातली. संगमरवरावरचे डांबर काही केल्या निघेना, तेव्हा मुंबईचे रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी ते काढून पुतळा पुन्हा पांढरा केला. चापेकर बंधूंच्या धाडसाची गोष्ट शाळेत शिकवली जाते, गज्जरांची नाही, पण चित्रकलेच्या शिक्षिकेला दोघांविषयीही आदर वाटल्यास आश्चर्य मानू नये. त्याच १८९६ साली गणपतराव म्हात्रे या जे. जे.च्या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हा प्लास्टरचा पुतळा घडवला. पूजेला निघालेली एक साधी बाई, तिच्या पायांपाशी लुगड्याच्या निऱ्या अशा पडल्या आहेत की हात लावून पाहावासा वाटतो. पुढे याच म्हात्रेंनी राजघराण्यांचे पुतळे केले, अहमदाबादसाठी खुद्द व्हिक्टोरियाचाही केला. पोटासाठी केला असेल, हौसेने केला असेल. त्यावरून त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी आपल्या गावातल्या एखाद्या शिल्पकाराच्या कारखान्यात जाऊन, कोणाकोणाचे अर्धपुतळे मागणीवर तयार होत आहेत ते पाहून यावे.

नोबलने घडवलेली ती राणी आज भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही १९६५ साली काळा घोडा चौकातून तिकडेच गेला. हा तर मुंबईकरांच्या स्वभावाचा अप्रतिम नमुना म्हणावा लागेल. अल्बर्ट ससून यांनी मोठ्या निष्ठेने भावी राजाचा पुतळा उभारला आणि लोकांनी चौकाला नाव दिले घोड्याचे. घोडा आणि स्वार दोघेही गेल्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे चौकाचे नाव काळा घोडाच राहिले आणि २०१७ साली तिथे नवा घोडा बसला तो बिनस्वाराचा. संग्रहालयापुढे घारापुरीचा दगडी हत्तीही उभा आहे. तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत १८६४ साली कोसळून फुटला आणि पुढे त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. जवळ जाऊन पाहिले तर दगडावरून सांध्यांच्या रेषा गेलेल्या दिसतात. खुद्द घारापुरीच्या लेण्यात तर कर्त्याचे नावसुद्धा राहिलेले नाही. तिथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून आपल्या देशी पाठवला आणि तो हरवला. सुमारे वीस फूट उंचीचा तो त्रिमुखी सदाशिव कोणत्या राजाच्या आज्ञेने आणि कोणाच्या छिन्नीने झाला यावर विद्वान वाद घालतात, आणि लाँचमधून उतरलेली माणसे त्याच्यासमोर आपसूक आवाज खाली आणतात.

इथपर्यंत आल्यावर पुष्कळ लेखक सुखाने लेखणी खाली ठेवतात. राज्ये गेली, सौंदर्य उरले, असे म्हणायला बरे वाटते. मीही वर्गात अनेक वर्षे असेच म्हणत आले. पण या समाधानात एक खोट आहे. जे उरले तेवढेच आपण मोजतो. जे सुंदर नाही असे ठरवून पाडले, झाकले, हाकलले, त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो. राजा मोठी इमारत उभारतो तेव्हा त्याची सत्ता सर्वांना दिसते, आणि दिसणाऱ्या गोष्टीवर डांबर तरी फासता येते. कुरूप काय, हे ठरवण्याची जी सत्ता आहे, ती अशी दिसत नाही, आणि म्हणून तिला कोणी हातही लावत नाही.

आपल्या सदरातील जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘बकाल’ हा शब्द आला आहे. बकाल वस्त्या, बकाल पदपथ, बकाल उपनगरे. जुन्या मराठीत बकाल म्हणजे किरकोळ वाणी, धान्य-किराणा विकणारा. मूळ शब्द अरबी ‘बक्काल’, त्याचाही अर्थ भाजीपाला आणि वाणसामान विकणारा. म्हणजे पोटासाठी रस्त्याकडेला चार पाट्या मांडून बसणाऱ्या माणसाच्या धंद्याचे नाव आपण घेतले आणि घाणेरड्या, अवकळा आलेल्या जागेचे विशेषण करून टाकले. ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत आणि ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, ही वाटणी तर संस्कृत काव्यशास्त्रापासून चालत आली आहे. तिथे ग्राम्यता हा चक्क काव्याचा दोष म्हणून नोंदलेला आहे. गावठी गुलाबाला सुगंध असतो आणि दुकानातल्या लांब दांड्याच्या गुलाबाला बहुधा नसतो, तरी ‘गावठी’ हा शब्द आपण शिवीसारखाच वापरतो. शब्दांची ही तयारी आधीपासून झालेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष हुकूम निघतो तेव्हा तो हुकूम वाटतच नाही.

२०२२ च्या डिसेंबरात जी-२० च्या बैठकीसाठी परदेशी पाहुणे मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या रस्त्यावरच्या वस्त्यांपुढे पडदे उभे राहिले. मी बसमधून जाताना एका जागी ते पाहिले. बांबूंना ताणून बांधलेले कापड, त्याच्या खालच्या कडेशी वीतभर फट, आणि त्या फटीतून दिसणारी पावले: चपला घातलेली, अनवाणी, एक पाय दुसऱ्यावर घासणारे एक लहान मूल. वरचे सगळे झाकलेले असल्यामुळे ती पावले फारच ठळक दिसत होती. बसमधल्या कोणीतरी म्हटले, “बरं दिसतंय आता.” म्हणणारा माणूस दुष्ट नव्हता. दमलेला होता आणि कदाचित अशाच एखाद्या वस्तीत राहणारा होता. पडदा टांगणाऱ्याने त्या वस्तीला विचारले नाही, हे तर खरेच. पण बसमधल्या आम्ही कोणीही ते विचारायला हवे होते असे म्हटले नाही, हे मला अजून टोचते.

टोचण्याचे कारण माझ्या वर्गातले आहे. सातवीत एक मुलगी होती, रुळांलगतच्या वस्तीत राहणारी. ‘माझे घर’ असा विषय दिला की महाराष्ट्रातली यच्चयावत मुले जे काढतात तेच तीही काढे: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर एक नारळ आणि उतरत्या छपराचे टुमदार घर. मी एकदा तिला विचारले, “अगं, तुझ्या घराशेजारी नदी कुठे आहे?” ती म्हणाली, “बाई, आमचं घर चित्रात चांगलं नाही दिसत.” अकरा-बारा वर्षांच्या मुलीने आपले घर आपल्याच कागदावरून हद्दपार केले होते, तेही कोणी सांगितलेले नसताना. पडदा बांधायला तिथे कंत्राटदाराची गरज उरली नव्हती.

मी तिला दिसते तसे काढायला लावले. तिने पत्रा काढला, त्यावरची निळी ताडपत्री काढली, ताडपत्री उडू नये म्हणून ठेवलेला सायकलचा टायर आणि चार विटा काढल्या, दाराशी साखळी आणि कुलूप घातलेला पाण्याचा पिंप काढला. ताडपत्रीत पावसाचे पाणी साचून मधोमध फुगवटा आला होता. तो तिने दोन निळे खडू वापरून, खालच्या सावलीसकट असा काढला होता की पाण्याचे वजन डोळ्यांना कळत होते. एकतीस वर्षांत इतके चांगले निरीक्षण माझ्या वर्गात फार थोड्यांनी केले. ‘माझी सुंदर मुंबई’ अशा विषयाच्या एका आंतरशालेय स्पर्धेला मी ते चित्र पाठवले. ते परत आले तेव्हा मागे पेन्सिलीने लिहिलेले होते, “विषयाला सोडून.” परीक्षकांवर मी तेव्हा फार चिडले. नंतर कपाटातल्या जुन्या गुणपत्रिका चाळताना लक्षात आले की डोंगर, सूर्य आणि नदी यांना मीच वर्षानुवर्षे दहापैकी आठ गुण देत आले होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही आणि त्याची उत्तरेही आपल्याकडे झाली आहेत, ती सुद्धा एकमेकांच्या विरुद्ध दिशेची. बोरीबंदरची इमारत पुरी झाली त्याच १८८८ साली, मार्च महिन्यात, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. जरीचे पागोटे आणि हिऱ्यामोत्यांचे अलंकार घातलेल्या पाहुण्यांमध्ये जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. इथे जमलेल्या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरी प्रजा खेड्यात अशा कपड्यांत राहते, अशा आशयाचे त्यांनी राणीच्या मुलासमोर सांगितले. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेणारे गृहस्थ होते, बरे कपडे त्यांच्याकडे नव्हते असे नाही. सत्तेच्या देखणेपणाच्या मधोमध त्यांनी मुद्दाम तिला नको असलेले रूप नेऊन बसवले. दोनच महिन्यांनी, ११ मे १८८८ रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना ‘महात्मा’ म्हटले.

बाबासाहेबांनी नेमके उलट सांगितले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला, परिषदेनंतर स्त्रियांच्या सभेत बोलताना त्यांनी अंगावरच्या कथलाच्या आणि चांदीच्या जड दागिन्यांचा विषय काढला. गळ्यातल्या माळा आणि कोपरापर्यंतचे गोट-वाळे ही अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी खूण झाली आहे, ती टाका, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ राहा, असे त्यांचे सांगणे होते. तिथल्या तिथे बायकांनी नेसण बदलल्याचे नोंदलेले आहे. वरवर पाहता हा साधा टापटिपीचा उपदेश वाटतो, पण जातीच्या व्यवस्थेत कोणी किती पायघोळ नेसावे, कोणी सोने घालावे आणि कोणी नाही, यावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा होता हे ध्यानात घेतले, की पायापर्यंत सोडलेल्या लुगड्याची ती वीतभर लांबी केवढी होती ते समजते. आज सहा डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कच्या कडेने चालत गेलात तर बाबासाहेबांच्या तसबिरी विकणाऱ्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. तसबिरीत बहुधा निळा सूट, टाय, खिशाला पेन, हातात पुस्तक. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई ती तसबीर हातात घेते, पदराने काच पुसते, थोडी लांब धरून पाहते आणि भाव करते. पाश्चात्त्य पोशाखाची नक्कल म्हणून त्या सुटाची टिंगल करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी त्या बाईच्या शेजारी पाच मिनिटे उभे राहावे.

जोतीरावांनी उतरवले आणि बाबासाहेबांनी चढवायला सांगितले. मला दोन्ही पटतात. सुंदर आणि कुरूप यांचा शिक्का कोणाच्या हातात आहे हे दोघांनीही ओळखले होते आणि दोघांनीही तो शिक्का त्या हातातून काढून घेतला.

गिरणगावात राहणाऱ्या माणसाला या शिक्क्याची जादू रोज पाहायला मिळते. आमच्या खिडकीतून एका गिरणीची चिमणी दिसते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुसंख्य परत आत गेलेच नाहीत. जोवर चिमणीतून धूर येत होता आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसत होती, तोवर ती कोणाला सुंदर वाटली नाही. कामगार गेले, गिरणीच्या जागी काचेचे मनोरे आणि दुकाने आली, आणि चिमणी मात्र जपली गेली. आता रात्री तिच्यावर खालून जांभळा प्रकाश सोडतात आणि तरुण मंडळी तिच्यापुढे उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. आमच्या चाळीतले एक आजोबा त्या गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होते. ते एकदा म्हणाले, “आमच्या वेळी हिच्याकडं मान वर करून कोणी बघितलं नाही. भोंगा झाला की खाली मान घालून पळायचं.” चिमणी पाडायला हवी होती असे माझे म्हणणे नाही, ती राहिली याचा मला आनंदच आहे. तिच्यासोबत भोंग्याची वेळ, पाळ्या आणि खात्यांची नावे सांगणारी एखादी साधी पाटी असती, तर तो जांभळा प्रकाशही मी सहन केला असता.

पुतळ्यांच्या उंचीविषयी मला फार लिहायचे नाही, कारण उंची हा कलेचा विषयच नाही, तो मोजपट्टीचा विषय आहे. गुजरातेत सरदार पटेलांचा १८२ मीटर ठरला म्हणून अरबी समुद्रातला शिवाजी महाराजांचा २१२ मीटर हवा, असे आकडे जाहीर झाले आणि २४ डिसेंबर २०१६ रोजी त्याचे जलपूजनही झाले; समुद्र अजून मोकळा आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा उभ्या महाराष्ट्राला जी शरम वाटली तीत मीही होते. ज्या महाराजांच्या नावाने हे सारे चालते, त्यांची राजमुद्रा तळहातावर सहज मावेल एवढी होती: अष्टकोनी, आत दाटीने बसवलेली संस्कृत अक्षरे, प्रतिपदेच्या चंद्राची उपमा आणि शेवटी ‘भद्राय राजते’, म्हणजे लोकांच्या कल्याणासाठी शोभते. फारसी शिक्क्यांच्या त्या काळात एवढ्याशा आकारात नव्या राज्याचा दावा मांडला गेला. अक्षरलेखन शिकवताना मी ती फळ्यावर मोठी करून काढत असे आणि एका ओळीत किती अक्षरे बसवली आहेत ते मुलांना मोजायला सांगत असे. आज चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फलकांवर चाळीस चेहरे आणि एक नेता बसवणाऱ्यांनी ही मुद्रा एकदा भिंग घेऊन पाहावी. आणि फलक किती मोठा असावा याची हौस कुठवर जाते, ते घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी दिसले. त्या लोखंडाखाली सतरा माणसे गेली.

सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. रंगवलेल्या भिंती मला आवडतात, काही तर फार चांगल्या झाल्या आहेत. झाडांना तारांनी आणि दिव्यांनी आवळणे मात्र मला अजिबात आवडत नाही, कारण रात्री झाडाला झोपू द्यावे असे आमच्या आजीने शिकवले होते. माझी मागणी लहान आहे. प्रभागात सुशोभीकरणाचे काम निघते तेव्हा निविदेपूर्वी त्या रस्त्यावर राहणाऱ्यांची, बसणाऱ्यांची, विकणाऱ्यांची एक बैठक तिथेच व्हावी आणि त्यांना काय सुंदर वाटते, काय डोळ्यांत खुपते, ते विचारले जावे. आमच्या गल्लीत विचाराल तर बहुतेक बायका कारंज्याऐवजी एक दिवा, स्वच्छ मुतारी आणि बसायला दगडी ओटा मागतील, आणि ओटा चांगल्या घडाईचा मागतील. भिंत रंगवणाऱ्याचे नाव भिंतीवर, नगरसेवकाच्या नावाएवढ्याच अक्षरांत, असावे. बोरीबंदरच्या माकडांबाबत जे झाले ते निदान आता होऊ नये.

राहता राहिली आपली, म्हणजे वर्तमानपत्राची, गोष्ट. ज्या रविवारी आपल्या अंकात सुंदर मुंबईवर दोन पाने आली, त्याच अंकातील वधू-वर सूची मी पेन्सिल घेऊन वाचली. ‘गोरी’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’, ‘सुस्वरूप’ हे शब्द अधोरेखित करता करता पेन्सिलीचे टोक बोथट झाले. वराच्या जाहिरातीत पगार होता, स्वतःचे घर होते, रंग क्वचितच होता. गोरेपणाच्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातून गोरेपणा काढून टाकला, पण आपल्या जाहिरातींच्या दरपत्रकात तो अजून शब्दाच्या हिशेबाने विकला जातो. महापालिकेवर, सरकारवर, परीक्षकांवर माझा काडीचाही अधिकार चालत नाही. आपला मात्र आपल्या पानांवर चालतो. म्हणून विनंती अशी की येत्या एका रविवारी, फक्त एकच रविवार, वधूच्या रंगाचा उल्लेख न घेता ही सूची छापून पाहावी, आणि त्या आठवड्यात जाहिरातदारांचे किती दूरध्वनी आले ते पुढच्या अंकात आम्हाला कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
परळ, मुंबई